डिटॅच (इंग्रजी क्रियापद)

डिटॅच हे इंग्रजी भाषेतील एक क्रियापद असून, जोडलेल्या वस्तूचा एखादा भाग मूळ वस्तूपासून वेगळा करणे हा त्याचा मुख्य अर्थ आहे. मराठीत संदर्भानुसार काढणे, सोडवणे, सुटा करणे, वेगळा करणे, विलग करणे ही क्रियापदे त्यासाठी वापरली जातात. मात्र ‘वेगळे करणे’ एवढ्यावर या शब्दाचा अर्थ संपत नाही. जो भाग वेगळा झाला तो आणि ज्याच्यापासून वेगळा झाला ते, ही दोन्ही शाबूत आहेत, सुटला आहे तो केवळ त्यांच्यामधील सांधा, असे हे क्रियापद सुचवते. लष्कर, रेल्वे, नेत्रवैद्यक आणि मानसशास्त्र या क्षेत्रांत या शब्दाला व त्यापासून बनलेल्या ‘डिटॅचमेंट’ या नामाला पारिभाषिक अर्थ प्राप्त झाले आहेत. त्यांतील काही अर्थ परस्परांपासून इतके दूर आहेत की, सर्वत्र एकच मराठी प्रतिशब्द वापरल्यास वाक्याचा अर्थ उलटा होऊ शकतो.

व्युत्पत्ती

हा शब्द इंग्रजीत फ्रेंच भाषेतून, सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आला. जुन्या फ्रेंचमध्ये ‘एस्ताश’ म्हणजे जमिनीत ठोकलेला खांब किंवा खुंट. हा शब्द जर्मानिक कुळातून फ्रेंचमध्ये आलेला असून, इंग्रजीतील ‘स्टेक’ (खुंट) हा त्याचाच नातलग होय. खुंटाला बांधणे या कल्पनेतून ‘जोडणे’ या अर्थाचे फ्रेंच क्रियापद बनले आणि त्याला वियोगदर्शक उपसर्ग लागून ‘सोडवणे’ या अर्थाचे क्रियापद तयार झाले. थोडक्यात, दावे सोडणे हे या शब्दाच्या मुळाशी असलेले चित्र आहे. इंग्रजी रूपातील ‘डि’ हा उपसर्ग वरवर पाहता लॅटिनमधील ‘दे’ वाटतो. वस्तुतः तो लॅटिन ‘दिस्’ या उपसर्गाचे फ्रेंचमध्ये झिजलेले रूप आहे.

याचा जोडीदार ‘अटॅच’ हा शब्द इंग्रजीत त्याच्या बराच आधी, चौदाव्या शतकात, कायद्याची संज्ञा म्हणून आला. तेव्हा त्याचा अर्थ माणसाला पकडणे किंवा मालमत्ता ताब्यात घेणे असा होता. भारतीय दिवाणी कायद्यात हा अर्थ आजही जिवंत आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतील ‘अटॅचमेंट’ म्हणजे मराठीतील जप्ती. विशेष असे की, जप्ती संपते तेव्हा मालमत्ता ‘डिटॅच’ झाली असे इंग्रजीत कोणी म्हणत नाही. मराठीतही जप्ती ‘उठते’. एकाच मुळापासून निघालेले दोन शब्द दोन वेगळ्या शतकांत, दोन वेगळ्या कामांसाठी भाषेत आल्याने ते प्रत्येक ठिकाणी एकमेकांचे विरुद्धार्थी ठरत नाहीत.

याच कुटुंबातील आणखी दोन शब्द मराठी वाचकांच्या परिचयाचे आहेत. ‘अटॅक’ हा शब्द इटालियनमधील ‘अत्ताक्कारे’ (जोडणे, भिडणे) या क्रियापदावरून फ्रेंचमार्गे आला. युद्धास भिडणे या प्रयोगातून त्याला हल्ल्याचा अर्थ मिळाला. पाश्चात्त्य संगीतातील ‘स्टकाटो’ म्हणजे स्वर एकमेकांपासून तोडून वाजवण्याची रीत. हा शब्द ‘सुटा केलेला’ या अर्थाच्या इटालियन शब्दाचे आखूड झालेले रूप आहे.

उच्चार, लेखन व रूपे

शब्दाचा आघात दुसऱ्या अवयवावर, म्हणजे ‘टॅच’वर पडतो. लेखनात एक चूक फार आढळते. ‘कॅच’, ‘मॅच’ या शब्दांच्या शेवटी ‘टी-सी-एच’ ही अक्षरे येतात, म्हणून येथेही ती लिहिली जातात. ‘अटॅच’ व ‘डिटॅच’ या दोन्ही शब्दांच्या शेवटी केवळ ‘सी-एच’ असतात.

भूतकाळी रूप व धातुसाधित विशेषण ‘डिटॅच्ड’, नाम ‘डिटॅचमेंट’ आणि शक्यतादर्शक विशेषण ‘डिटॅचेबल’ अशी रूपे आहेत. वेगळे होण्याचे मूळ स्थान ‘फ्रॉम’ या शब्दयोगी अव्ययाने दाखवले जाते. क्रियापद प्रामुख्याने सकर्मक असले, तरी ते अकर्मकही चालते. ‘पावती सहज डिटॅच होते’ या धर्तीचे वाक्य इंग्रजीत त्याच रूपाने लिहिता येते. कर्ता बदलतो, क्रियापद बदलत नाही. मराठीत मात्र सुटणे व सोडणे, तुटणे व तोडणे अशा जोड्या असल्यामुळे ते आपोआप घडले की कोणी घडवले, हे भाषांतरकाराला प्रत्येक वेळी ठरवावे लागते.

अर्थ

या क्रियापदाच्या वापरामागे तीन गृहीते दिसतात. पहिले, वेगळा होणारा भाग हा मोठ्या वस्तूचा लहान भाग असतो. अर्जापासून पावती ‘डिटॅच’ करतात, पावतीपासून अर्ज नव्हे. दुसरे, सांधा आधीपासून ठरलेला असतो: आकडा, मळसूत्र, टाका, छिद्रांची रेषा असे काहीतरी. तिसरे, या क्रियेत भागाचा नाश अभिप्रेत नसतो आणि पुष्कळदा तो पुन्हा जोडता येतो. एकोणिसाव्या शतकात सदऱ्याची गळपट्टी वेगळी काढून धुता यावी म्हणून सुट्या कॉलरची पद्धत रूढ झाली आणि न्यू यॉर्क राज्यातील ट्रॉय हे शहर त्या उद्योगाचे केंद्र बनले. तेथे ‘डिटॅचेबल’ हा विक्रीचाच शब्द होता. सदरा तोच ठेवून कॉलर तेवढी रोज बदलता येत असे.

दुसऱ्या गृहीताचे बोलके उदाहरण टपाल तिकिटांचे आहे. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये निघालेल्या पहिल्या तिकिटांच्या कागदावर छिद्रे नव्हती. टपाल कारकून ती कात्रीने कापून देत. हेन्री आर्चर याने तिकिटांच्या मधोमध छिद्रे पाडणारे यंत्र तयार केले आणि १८५४ मध्ये अशी तिकिटे ब्रिटनमध्ये अधिकृतपणे चालू झाली. भारतात त्याच वर्षी निघालेली अर्ध्या आण्याची व एक आण्याची तिकिटे मात्र बिनछिद्री होती. कात्रीने तिकीट ‘कापले’ जाते, छिद्ररेषेवर ते ‘डिटॅच’ होते. दोन्हींत हातात येणारी वस्तू एकच. फरक आहे तो वेगळे होण्याची सोय आधी करून ठेवली होती की नव्हती, एवढाच.

‘डिटॅच्ड’ हे विशेषण या चौकटीतून एका ठिकाणी बाहेर पडते. ब्रिटनमध्ये ‘डिटॅच्ड हाऊस’ म्हणजे शेजारच्या घराशी एकही सामाईक भिंत नसलेले घर. एक भिंत सामाईक असल्यास ते ‘सेमी-डिटॅच्ड’. असे घर पूर्वी कधी जोडलेले होते आणि मग वेगळे केले, असा अर्थ येथे नसतो. क्रिया लोपली आहे, तिच्यानंतरची स्थिती तेवढी उरली आहे. त्यामुळे ‘विलग केलेले घर’ हे भाषांतर चुकीचे ठरते. स्वतंत्र घर किंवा स्वतंत्र बंगला हे मराठीतील रुळलेले शब्द योग्य आहेत.

जवळचे इंग्रजी शब्द

‘सेपरेट’ हा सर्वांत व्यापक शब्द असून त्यात दोन्ही पक्ष समान असू शकतात. ‘रिमूव्ह’मध्ये भर जागेवरून हलवण्यावर असतो; ती वस्तू जोडलेली होती की नुसती ठेवलेली, याला महत्त्व नसते. ‘डिस्कनेक्ट’ हा प्रवाहाचा शब्द आहे: वीज, पाणी, दूरध्वनी. तारा जागच्या जागी राहूनही जोडणी ‘डिस्कनेक्ट’ होऊ शकते. ‘सेव्हर’मध्ये कापून तोडणे आणि ते कायमचे असणे या दोन्ही छटा येतात, अपघातात हात ‘सेव्हर’ होतो, कृत्रिम हात ‘डिटॅच’ करता येतो.

मराठी प्रतिशब्द

इंग्रजीत हे एक क्रियापद ज्या जागा व्यापते, तेथे मराठीत डझनभर क्रियापदे आहेत आणि त्यांची निवड सांधा कसला होता यावर होते. कोवळे पान नखाने खुडतात, फळ तोडतात, गवत मुळासकट उपटतात, शेंग सोलतात. शिवण उसवते, सांधा व दात निखळतो, खिळ्याने ठोकलेली फळी उचकटतात, पिकलेले पान गळते. मेथीची पाने देठापासून वेगळी करणे याला ‘निवडणे’ म्हणतात, आणि त्यात वेगळे करण्याबरोबरच चांगले-वाईट पारखणेही येते. या प्रत्येक ठिकाणी इंग्रजीत ‘डिटॅच’ वापरणे व्याकरणदृष्ट्या शक्य आहे. उलट, इंग्रजी वाक्यातील ‘डिटॅच’ पाहून मराठीत सर्वत्र ‘विलग करा’ लिहिणे, ही सूचनापत्रकांत दिसणारी सवय भाषेला निर्जीव करते.

रोजच्या बोलण्यात या क्रियापदाचे काम बहुधा ‘काढणे’ करते. प्लग काढणे, गॅसचा रेग्युलेटर काढणे, सायकलचे चाक काढणे असे आपण सहज म्हणतो. या शब्दाची अडचण म्हणजे तो फार गोष्टींना पुरतो (चित्र काढणे, कर्ज काढणे, दिवस काढणे), म्हणून तांत्रिक लेखनात ‘पासून काढून वेगळा करा’ असे स्पष्ट लिहावे लागते.

‘तुटणे’ या क्रियापदाचा मात्र स्वतंत्र विचार करावा लागतो. ‘बटण तुटले’ या मराठी वाक्यात बटण बहुतेक वेळा धड असते. तुटलेला असतो तो दोरा. मराठी येथे बंध तुटल्याचे सांगते आणि वस्तूचे नाव घेते. इंग्रजीत बटण ‘तुटले’ म्हटल्यास त्याचे तुकडे झाले असे समजले जाते. दोरा सुटून पडलेल्या बटणासाठी वेगळा प्रयोग लागतो. म्हणूनच ‘डिटॅच’ला ‘तोडणे’ हा प्रतिशब्द कधी नेमका बसतो आणि कधी घातक ठरतो. अर्जाच्या तळाशी ‘येथून तोडा’ हे योग्य आहे, कारण कागदाच्या पावतीबाबत गैरसमजाला जागा नाही. यंत्राच्या माहितीपत्रकात ‘झाकण तोडा’ असे छापले, तर वाचणारा हातोडा शोधेल.

सुटणे-सोडणे या क्रियापदांचे कुटुंब इंग्रजी शब्दाच्या अधिक जवळ जाते. सुटा, सुटका, सुटी, सूट, सुटे भाग, सुटे पैसे या सर्व शब्दांत मूळ वस्तू न मोडता मोकळे होण्याची कल्पना आहे. नोट सुटी केली तरी किंमत तेवढीच राहते. विवाहविच्छेदासाठी मराठीत ‘सोडचिठ्ठी’ आणि ‘काडीमोड’ असे दोन शब्द आहेत. पहिल्यात सोडणे आहे, दुसऱ्यात मोडणे. ‘डिटॅच’ व ‘ब्रेक’ यांच्यातील भेद याहून नेमका दाखवणारी जोडी सापडणे कठीण. पक्षापासून, विचारापासून दूर होण्यासाठी ‘फारकत घेणे’ हा प्रयोग चांगला आहे.

‘विलग’ हा संस्कृत शब्द शासकीय व वैज्ञानिक लेखनात रूढ आहे. २०२० मधील कोविड साथीच्या काळात ‘गृह विलगीकरण’ व ‘संस्थात्मक विलगीकरण’ हे शब्द महाराष्ट्रात घरोघरी पोहोचले, तेव्हापासून त्याला रोगाचा वास चिकटला आहे. प्रयोगशाळेच्या वर्णनात तो अजूनही निर्दोष वाटतो, माणसांविषयीच्या वाक्यात तसा वाटत नाही.

लष्करी अर्थ

मुख्य सैन्यापासून विशिष्ट कामगिरीसाठी वेगळ्या काढलेल्या दळास ‘डिटॅचमेंट’ म्हणतात. हा शब्दाच्या सर्वांत जुन्या इंग्रजी उपयोगांपैकी एक आहे. असे दळ दूर गेले तरी मूळ सैन्याच्या अधिकाराखालीच राहते. पहिल्या इंग्रज-मराठा युद्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल सैन्यातून वेगळे काढलेले दळ १७७८ मध्ये काल्पीहून पश्चिमेकडे निघाले. कर्नल लेस्ली वाटेत मरण पावल्यावर गॉडर्ड याने त्याचे नेतृत्व घेतले आणि फेब्रुवारी १७७९ मध्ये ते सुरतेस पोहोचले. दरम्यान जानेवारीत वडगाव येथे मुंबईकर इंग्रजांना मराठ्यांपुढे नमते घेऊन करार करावा लागला होता. बंगालपासून सुटे झालेले हे दळ अशा प्रकारे तुटलेले मात्र नव्हते. कलकत्त्याचे हुकूम त्याला लागू होते.

मराठीत यासाठी ‘तुकडी’ हा शब्द वापरतात. तो ‘तुकडा’ या शब्दावरून आलेला असला तरी आता त्यात मोडण्याचा भाव उरलेला नाही. शाळेतील ‘तुकडी अ’ म्हणताना तो कोणाच्या मनात येत नाही.

रेल्वेतील वापर

गाडीला डबा किंवा इंजिन जोडणे व काढणे यांसाठी भारतीय रेल्वेच्या इंग्रजीत ‘अटॅच’ व ‘डिटॅच’ हे शब्द रूढ आहेत. भोर घाटात पुण्याकडे जाणाऱ्या अनेक गाड्यांना कर्जत येथे मागून जादा इंजिने लावली जातात आणि घाट चढून गेल्यावर लोणावळ्यास ती काढली जातात. घाटाचा चढ ३७ फुटांस १ फूट इतका तीव्र आहे. थळ घाटात हेच काम कसारा व इगतपुरी या स्थानकांदरम्यान चालते. ब्रिटनमध्ये एकेकाळी धावत्या गाडीचा शेवटचा डबा सोडून तो मधल्या स्थानकावर थांबवण्याची पद्धत होती. डब्यातील गार्ड स्वतः ब्रेक लावून तो उभा करीत असे. ही पद्धत १९६० मध्ये बंद झाली.

वैद्यकातील अर्थ

नेत्रवैद्यकात ‘रेटिनल डिटॅचमेंट’ म्हणजे दृष्टिपटलाचा प्रकाशसंवेदी थर त्याच्या पाठीमागील रंगद्रव्याच्या थरापासून सुटणे. मराठीत याला ‘डोळ्याचा पडदा सरकणे’ म्हणतात. हा शब्दप्रयोग सोपा असला, तरी ‘पडदा’ ऐकून डोळ्यावर बाहेरून काही आले असा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात घडते ते डोळ्याच्या आत, मागच्या बाजूस.

येथे फाटणे आणि सुटणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि उपचारासाठी हा भेद निर्णायक असतो. डोळ्यातील जेलीसारखा पदार्थ वयानुसार आकसताना दृष्टिपटलास ओढ बसून ते एखाद्या जागी फाटू शकते. त्या चिरेतून द्रव मागे शिरला की दृष्टिपटल आपल्या जागेवरून सुटू लागते. नुसती चीर असताना लेसरने तिच्या कडा बंद करता येतात. दृष्टिपटल सुटल्यावर शस्त्रक्रिया करावी लागते. एकाएकी प्रकाशाच्या चमका दिसणे, डोळ्यांपुढे तरंगणारे काळे ठिपके अचानक वाढणे, दृष्टीच्या एका बाजूने सावली सरकत येणे ही याची लक्षणे आहेत. वेदना होत नसल्यामुळे रुग्ण थांबून पाहतो, आणि तेवढ्या वेळात दृष्टीचे कायमचे नुकसान होऊ शकते; अशा वेळी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञास गाठणे आवश्यक असते. चीर शोधून ती बंद करणे हाच उपाय आहे, हे स्वित्झर्लंडमधील लोझान येथील नेत्रतज्ज्ञ झ्यूल गोनँ यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या तृतीयांशात दाखवून दिले. त्यापूर्वी हा विकार जवळजवळ असाध्य मानला जाई.

प्रसूतिशास्त्रात बाळाच्या जन्मापूर्वीच वार गर्भाशयापासून सुटणे ही गंभीर अवस्था आहे. नाळेच्या बाबतीत मात्र मराठी व इंग्रजी दोन्हींत कापण्याचीच क्रियापदे येतात. ‘गावाशी नाळ तुटली’ या वाक्प्रचारात जो कायमपणा आहे, तो ‘डिटॅच’मध्ये नाही.

मनाच्या संदर्भातील अर्थ

अठराव्या शतकाच्या अखेरीपासून इंग्रजीत ‘डिटॅचमेंट’ हा शब्द मनाच्या अलिप्ततेसाठी वापरला जाऊ लागला. येथेच मराठी लेखकापुढे सर्वांत मोठी अडचण उभी राहते, कारण मराठीत या प्रदेशात आधीच पुष्कळ शब्द नांदत आहेत आणि प्रत्येकाचे चित्र वेगळे आहे. तटस्थ म्हणजे प्रवाहात न उतरता काठावर उभा असलेला. अलिप्त व निर्लेप म्हणजे ज्याला काही माखलेले नाही असा. नॉनस्टिक तव्यांच्या एका मराठी उद्योगाने ‘निर्लेप’ हे नाव घेतले ते अगदी शब्दार्थाला धरून. अनासक्त हा शब्द चिकटणे या अर्थाच्या संस्कृत धातूवरून आलेला आहे. विरक्त म्हणजे रंग उतरलेला. यांपैकी कोणत्याही शब्दात इंग्रजीतील खुंट नाही.

न्यायाधीश किंवा संशोधक यांच्या दृष्टीबाबत ‘तटस्थता’ हा शब्द योग्य आहे. भगवद्गीतेच्या इंग्रजी भाषांतरांत ‘डिटॅचमेंट’ येते तेव्हा मूळ कल्पना अनासक्तीची असते: कर्म सोडायचे नाही, फलाविषयीची आसक्ती सोडायची. महात्मा गांधींनी गीतेच्या आपल्या गुजराती अनुवादास ‘अनासक्तियोग’ (१९३०) हेच नाव दिले. ‘अलिप्तता’ हा शब्द राजकीय लेखनात जपून वापरावा लागतो, कारण अलिप्ततावाद ही मराठीत परराष्ट्र धोरणाची संज्ञा झाली आहे.

बालमानसशास्त्रातील अर्थ या सर्वांच्या विरुद्ध टोकाला आहे. ब्रिटनमधील जॉन बोल्बी आणि जेम्स रॉबर्टसन यांनी आईपासून दूर, रुग्णालयात राहावे लागलेल्या लहान मुलांचे निरीक्षण केले. रॉबर्टसन यांनी दोन वर्षांच्या एका मुलीच्या रुग्णालयातील दिवसांचे चित्रण १९५२ मध्ये दाखवले. त्या काळी ब्रिटिश रुग्णालयांत पालकांना भेटण्याची वेळ अगदी मोजकी असे. मूल प्रथम रडून विरोध करते, मग खचते आणि शेवटी शांत होते, असे तीन टप्पे त्यांनी मांडले. या तिसऱ्या टप्प्याचे नाव ‘डिटॅचमेंट’. मूल खेळते, खाते, परिचारिकांकडे पाहून हसतेही, म्हणून ते ‘रुळले’ असे समजले जाई. पण आई भेटायला आली की ते तिच्याकडे पाठ फिरवी. १९५९ मध्ये ब्रिटनमधील प्लॅट समितीच्या अहवालाने पालकांना मुलांना मोकळेपणी भेटू द्यावे अशी शिफारस केली.

या टप्प्यास मराठीत ‘अनासक्ती’ म्हणणे साफ चूक आहे, आणि ‘तटस्थता’ही पुरत नाही. दोन्ही शब्द कमावलेल्या गुणांचे आहेत. मुलाने येथे काही कमावलेले नसते. ‘तुटलेपण’ हा शब्द सर्वांत जवळचा वाटतो. इतरत्र ‘डिटॅच’साठी टाळावे लागणारे ‘तुटणे’ हे क्रियापद येथे मात्र चपखल बसते.

संगणकातील वापर

ईमेलला जोडलेल्या धारिकेस ‘अटॅचमेंट’ म्हणतात. ती मूळ संदेशातून काढून वेगळी साठवण्याची सोय काही प्रणालींत ‘डिटॅच’ या नावाने असते. आज्ञावलीच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या ‘गिट’ या प्रणालीत ‘डिटॅच्ड हेड’ ही स्थिती नवशिक्यांना गोंधळात टाकते. अशा वेळी चालू दर्शक एखाद्या शाखेऐवजी थेट एका नोंदीकडे निर्देश करतो. या स्थितीत केलेले नवे काम नष्ट झालेले नसते, पण त्याला कोणत्याही शाखेचे नाव नसते. तेथून दुसरीकडे जाण्यापूर्वी त्याला शाखा जोडली नाही, तर कालांतराने ते साफसफाईत पुसले जाऊ शकते.